वार एक की दोन?

"जुळं आहे म्हटल्यावर पोट मोठं दिसणारच!" कोल्हापुरात असं म्हणणारी एखादी मावशी प्रत्येक घरात सापडते, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबरही असतं. पण दोन्ही बाळांची वार एकच असेल आणि चार-पाच दिवसांत पोट एकदम ताणलं, धाप लागू लागली, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करावी.

सामाईक वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा शंभरातल्या दहा-पंधरा जणींमध्ये हा रक्ताचा व्यवहार एकतर्फी होतो. रक्त देणाऱ्या बाळाला लघवी होईनाशी होते, त्याच्या भोवतीचं पाणी आटतं. दोघांमधला पातळ पडदा त्याच्या अंगाला चिकटून ते गर्भाशयाच्या भिंतीशी खिळल्यासारखं दिसतं. दुसऱ्याच्या पिशवीत मात्र पाण्याची खोली आठ सेंटिमीटरच्या वर जाते.

"सून नीट खात नाही, म्हणून एक बाळ वाळलं," हा आळ तर साफ खोटा. प्रोटीन पावडरीनं किंवा अंथरुणाला खिळून राहिल्यानं त्या रक्तवाहिन्या बंद होत नाहीत.

त्या बंद होतात लेझरनं. दोन-तीन मिलिमीटरची दुर्बीण पोटातून आत घालून वारेवरच्या जोडवाहिन्या जाळतात. बाळाला लेझर लागत नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत लेझरनंतर निदान एक बाळ वाचण्याचं प्रमाण 76 टक्के होतं, नुसतं पाणी काढल्यावर 56. दोन्ही वाचतीलच अशी हमी कुणी देत नाही. कोल्हापूरकरांना यासाठी पुण्या-मुंबईतलं गर्भ-उपचाराचं केंद्र गाठावं लागू शकतं, आणि वेळ मिळतो साधारण 16 ते 26 आठवड्यांचा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून माहेरी गेल्यावर नव्या डॉक्टरांना फाईल दाखवू म्हटलं, तर ही मुदत टळून गेलेली असते. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. तिच्यात क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात.

वार एक की दोन, हे 11 ते 14 आठवड्यांत सर्वांत नीट कळतं. पडदा वारेला मिळतो तिथे त्रिकोणी पाचर दिसली तर वार दोन, पडदा सरळ काटकोनात टेकला तर एक. पुढे हे ओळखणं अवघड होत जातं. परदेशात एक मुलगा, एक मुलगी दिसली की वार दोन असं धरता येतं. आपल्याकडे लिंगनिदानाला कायद्यानं बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 839 मुली होत्या. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात इथल्या सोनोग्राफी यंत्रांना तपासण्यांची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले गेले. त्या धाकानं काहीजणी डॉक्टरांना काहीच विचारत नाहीत. वारेबद्दल खुशाल विचारा, रिपोर्टवर लिहून घ्या.

क्वचित सामाईक वारेच्या जुळ्यातल्या एका गर्भाला हृदयच नसतं आणि दुसऱ्याचं हृदय दोघांसाठी राबतं. त्यावरही पोटातच उपचार करता येतात.

"एक गेलं, आता विष भिनेल, दुसरं लगेच काढा," ही घाई मात्र अनेकदा महागात पडते. विष वगैरे काही भिनत नाही. सामाईक वारेत एक बाळ जाताना दुसऱ्याचा रक्तदाब एकदम कोसळतो, आणि इजा व्हायची असेल तर ती त्याच वेळी होऊन जाते. अपुऱ्या दिवसांचं बाळ बाहेर काढून ती भरून येत नाही. चार ते सहा आठवड्यांनी एमआरआय करून वाचलेल्या बाळाचा मेंदू तपासतात.