सांगाड्यातला गेमिंग लॅपटॉप

कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनातून निघालं की जवळच मंडी हाऊस. तिथून व्हायोलेट लाइनची मेट्रो थेट नेहरू प्लेसला, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात. लॅपटॉप स्वतः जोडायचा तर ‘बेअरबोन’ घ्यायचा, म्हणजे नुसता सांगाडा: बॉडी, स्क्रीन, मदरबोर्ड. रॅम, डिस्क आपण बसवायची; जुन्या मॉडेलांत प्रोसेसरही. रॅम घेताना खाच बघा. लॅपटॉपच्या डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०. खाचेची जागाही वेगळी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. (दुकानदार ‘चलेगा’ म्हणतोच!) हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घातली की गेम झटकन उघडतो, पण फ्रेम काही वाढत नाहीत, ते काम ग्राफिक्स कार्डाचं. काही जुन्या गेमिंग मॉडेलांत हे कार्ड सुट्या एमएक्सएम पट्टीवर असतं, तरी बदललेलं कार्ड बायोसला ओळखता यायला हवं. आणि प्रोसेसर जुना असेल तर त्यावरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.