खणल्याशिवाय पुरातत्त्व होत नाही?

पुरातत्त्वात एम. ए. करणारी डिचोलीची किंवा पेडण्याची मुलगी परिषदेत शोधनिबंध वाचणार म्हटलं, की घरी पहिला प्रश्न येतो, ‘खणताना काय सापडलं?’ बहुतेक वेळा तिने काहीच खणलेलं नसतं. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि ती विद्यापीठाला किंवा संस्थेला मिळते, एकट्या विद्यार्थ्याला नाही. पण खणणं हा पुरातत्त्वाचा एक भाग झाला. गाव पायी फिरून जमिनीवरचे अवशेष नोंदवणं, मापं घेणं, नकाशावर मांडणं हेही तितकंच संशोधन आहे. विद्यार्थ्यांचे चांगले निबंध बहुधा यातूनच उभे राहतात.

शिरगावचंच घ्या. वैशाख शुद्ध पंचमीच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांतून चालतात, हे गोव्याबाहेरही ठाऊक आहे. तिच्या बहिणींची कथाही घरोघरी सांगतात. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, पेडण्यातल्या मोरजीची मोरजाई, आणि म्हापशाची मिराबाई, जिला ख्रिस्ती भाविक मिलाग्रिस सायबीण म्हणून भजतात. इथे एकमेकांविरुद्ध दोन गैरसमज भेटतात. काहींना वाटतं, कथा म्हणजेच इतिहासाचा पुरावा. काहींना वाटतं, कथा आहे म्हणून ती संशोधनात आणायचीच नाही. कथेवरून काळ ठरत नाही हे खरं, पण कुठे बघायचं ते ती नक्की सांगते. केळबाय म्हणून अनेक गावांत पुजली जाणारी मूर्ती गजलक्ष्मीची असते. मधे बसलेली देवी आणि दोन्ही अंगांनी सोंड उंचावून तिच्यावर पाणी घालणारे हत्ती. ही शिल्पं कोणत्या गावात आहेत, दगड कुठला, हत्ती किती, खालच्या पट्टीत काय कोरलंय, एवढं एका तालुक्यापुरतं नेमकेपणाने मांडलं तरी अभ्यासक कान टवकारून ऐकतात.

नावांचंही तसंच. हरवळ्याच्या लेण्यांना सगळे पांडवांची लेणी म्हणतात. ते नाव निबंधात जरूर यावं, पण लोकांनी दिलेलं नाव म्हणून. ती कोरवणारा कोण, हे लेण्यांची रचना आणि तिथली लिंगं पाहून ठरवायचं.

‘फोटो भरपूर दाखवले की झालं’ हा गैरसमज तर फार पसरलेला आहे. तेला-शेंदराचा थर चढलेल्या मूर्तीचा फोटो पडद्यावर आला की सभागृहात कुजबुज होते, कारण त्यात मोजपट्टी नसते. मूर्ती वीतभर आहे की पुरुषभर, कळत नाही. शेजारी पट्टी, उत्तर दिशेची खूण, आणि फोटोबरोबर हाताने काढलेली रेखाकृती हवी. पूजेतली मूर्ती असेल तर गावकार, महाजन आणि पुजाऱ्यांना आधी विचारायचं. रेखाकृतीसाठी शेंदूर खरवडायचा नाही, जेवढं दिसतं तेवढंच काढायचं आणि झाकलेला भाग तसा नोंदवायचा. शिवाय वस्तू मुळात कुठे होती हे सांगता आलं पाहिजे. शिरगावच्या आसपास लोहखनिजाच्या खाणींनी जमीन उलटीपालटी झाली आहे. मातीच्या ढिगावर मिळालेला कोरीव दगड कितीही देखणा असला तरी त्याचा मूळ थर गेलेला असतो, आणि हे निबंधात स्पष्ट लिहावं लागतं. मला तर वाटतं, डिचोली तालुक्यातल्या विद्यार्थ्यांनी हे काम आज हाती घ्यायलाच हवं. ज्या जागेची नोंद झाली नाही, ती उद्या खाणीत किंवा रस्त्याखाली गेली तर तिथे काही होतं हेसुद्धा कुणाला सांगता येणार नाही.

मग हमखास येणारा प्रश्न, ‘हे किती हजार वर्षांचं?’ कार्बन चाचणी केली की दगडाचं वय कळतं, ही समजूत चुकीची आहे. ती चाचणी लाकूड, कोळसा, हाड अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंची होते, आणि साधारण 50,000 वर्षांपर्यंतच. चिऱ्याचं वय कळलं तरी त्यावरच्या कोरीव रेषेचं कळत नाही. त्यात आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत आणि धो धो पावसात हाडं टिकत नाहीत. कुशावती नदीच्या काठी पणसायमळच्या चिऱ्यावर बैल, हरणं आणि चक्रव्यूहासारखं वर्तुळ कोरलेलं आहे. 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर ही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी तिच्या काळाबद्दल अजून मतभेद आहेत. म्हणून ‘काळ निश्चित झालेला नाही, अमुक कारणांनी अमुक अंदाज आहे’ हे व्यासपीठावरून सांगण्यात कमीपणा नाही. छातीठोक आकडा सांगणाऱ्यालाच पुढचे प्रश्न जड जातात.

परिषद फक्त प्राध्यापकांची आणि फक्त इंग्रजीत, हेही खरं नाही. 1910 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने मराठीत निबंध वाचून त्यावर चर्चा करण्याची परंपरा रुजवली. आजची भारतीय इतिहास परिषद 1935 मध्ये त्याच मंडळाच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झाली. तिच्यात पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग असतो. कोकण इतिहास परिषदेतही मराठीतून निबंध वाचले जातात.

वाचन म्हणजे प्रकाशन मात्र नव्हे. 15-20 मिनिटांत काम चालू असतानाचे निष्कर्ष मांडायचे, हरकती ऐकायच्या, निबंध दुरुस्त करायचा आणि मग तो नियतकालिकाकडे पाठवायचा. ‘पुरातत्त्व’ किंवा ‘मॅन अँड एन्व्हायर्नमेंट’ यांसारखी नियतकालिकं त्यासाठीच आहेत. ‘आधी सांगितलं तर विषय पळवतील’ ही भीती विद्यार्थी बोलून दाखवतात. खरं तर छापील सारांशात नाव आणि तारीख असते, त्यामुळे ते काम कुणाचं याची नोंद आपोआप होते. गुप्त राखायचे असतात ते जागेचे नेमके अक्षांश-रेखांश. रानातली, पहारा नसलेली मूर्ती पडद्यावर नकाशासकट दाखवली तर चोराला वाट सापडते. गावाचं नाव सांगावं, नेमकी जागा सांगू नये.

आणि श्रेय. पणसायमळची चित्रं 1993 मध्ये पुरातत्त्व खात्यापर्यंत पोहोचली ती गावकऱ्यांनी दाखवली म्हणून. ज्या कुळागरवाल्याने किंवा गुराख्याने तुम्हाला दगडापर्यंत नेलं, त्याला विचारून त्याचं नाव निबंधात घाला, आणि छापून आला की त्याची प्रत त्याच्या घरी नेऊन द्या.