लीज आणि लीव्ह

इंग्रजीत लीज आणि लीव्ह या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे. मीरा रोड-भाईंदरमध्ये फ्लॅट भाड्याने घेताना दोन्ही कानावर पडतात आणि सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्यात मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

लीज म्हणजे भाडेपट्टा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५नुसार त्यात मोबदला घेऊन मालमत्तेच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याला दिला जातो. मुदत कितीही लांब असू शकते. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने मिरे, भाईंदर आणि घोडबंदर ही गावे रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. त्यावरून उद्भवलेला जमिनीच्या हक्कांचा वाद पुढे दीर्घकाळ कोर्टात चालला.

लीव्ह म्हटले की रजा किंवा सोडून जाणे आठवते. म्हणून ‘अकरा महिन्यांनी घर सोडायचे, ते लीव्ह’ असा अनेकांचा समज असतो. ‘लीव्ह अँड लायसन्स’मधल्या लीव्हचा अर्थ मात्र परवानगी. लायसन्सचाही तोच, एकार्थी शब्दांची जोडी लावण्याची इंग्रजी दस्तऐवजांची जुनी रीत आहे. ऑफिसातली रजाही मुळात गैरहजर राहण्याची परवानगीच.

१८८२च्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२नुसार लायसन्सने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, फक्त वापराची मुभा मिळते. त्यामुळेच घरमालक लीव्ह अँड लायसन्स पसंत करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २४नुसार मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर रिकामे केले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मिळवू शकतो.

वर्षाहून कमी मुदतीच्या पट्ट्याला नोंदणी कायद्यानुसार नोंदणीची सक्ती नव्हती; अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच पडली. महाराष्ट्रात आता भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार भाडेकरार असो वा लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदवलेलाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

दस्तावर कोणता शब्द छापला आहे, एवढ्यावर निकाल लागत नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने करारनाम्याच्या नावापेक्षा त्याचा आशय महत्त्वाचा मानला. मालमत्तेत हक्क दिला असेल तर ते लीज. ताबा कायद्याने मालकाकडेच ठेवून नुसता वापर दिला असेल तर लायसन्स.