भरून ठेवलेली सिरिंज

पेशंट टेबलावर यायच्या आधीच भूलतज्ज्ञ बाईंनी ॲड्रेनॅलिनची ॲम्प्यूल फोडली, औषधात नऊ मिलिलिटर सलाईन मिसळलं आणि सिरिंजवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. ॲम्प्यूलमध्ये एक मिलिग्रॅम, म्हणजे आता दर मिलिलिटरला शंभर मायक्रोग्रॅम. वेळ आलीच तर अर्धा मिलिलिटर शिरेतून द्यायचं, बीपी पाहायचं, गरज पडली तर पुन्हा अर्धा.

हे थिएटर मिरजेतलं. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय काढलं, तेव्हापासून ऑपरेशन म्हटलं की आसपासचे जिल्हेच काय, कर्नाटकातली माणसंही मिरजेची वाट धरतात. आजचा पेशंट जत भागातला मेंढपाळ. यकृतात हायडॅटिडची मोठी गाठ. जत, आटपाडी, साताऱ्यातलं माण हा मेंढरांचा मुलूख, आणि मेंढरांच्या वाड्यावर कुत्रं असणारच. मेंढरू कापल्यावर गाठी असलेली कलेजी कुत्र्यापुढं टाकली जाते. मग कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचा फीतकृमी वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, माणसाच्या हातावर येतात.

गाठीतलं पाणी दिसायला नितळ असतं, पण ते पोटात सांडलं तर दोन धोके. त्यातल्या बारीक कणांतून नव्या गाठी धरतात, हा एक. दुसरा लगेचचा. गाठ वर्षानुवर्षं थोडीथोडी पाझरत असेल, तर शरीर त्या पाण्यावर आधीच डूख धरून असतं. शार्ल रिशे यांनी १९०२ मध्ये कुत्र्यांवर हेच पाहिलं होतं: समुद्रफुलाच्या विषाच्या पहिल्या डोसातून वाचलेलं कुत्रं काही आठवड्यांनी दिलेल्या लहानशा डोसानं मिनिटांत मेलं. रक्तवाहिन्या सैल पडतात, गळू लागतात, श्वासनलिका आवळतात.

ब्रिटनमधल्या २०१८ च्या मोठ्या पाहणीत अशी रिॲक्शन साधारण दहा हजार भुलींमागे एकदा आढळली. जवळपास निम्म्या वेळा कारण अँटिबायोटिक होतं, त्याखालोखाल स्नायू सैल करणारी औषधं. इथं तर कारण पेशंटच्याच पोटात.

"जागा माणूस सांगतो, डॉक्टर, अंग खाजतंय, जीव घाबरा होतोय," बाई म्हणाल्या. "ह्यांना मीच गप्प केलंय." अंगावर हिरवी कापडं, त्यामुळं गांधी उठल्या तरी दिसायच्या नाहीत. उरतात मॉनिटरवरचे आकडे: बीपी, नाडी, ऑक्सिजन, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, आणि फुप्फुसात हवा ढकलायला लागणारा दाब.

सर्जननी गाठीभोवती तीव्र खारट सलाईनमध्ये भिजवलेले मॉप रचले. सुई टोचायच्या आधी त्यांनी नुसतं "मॅडम?" म्हटलं. "हं, घ्या." पाणी ओढलं जात होतं तेव्हा बीपी १२४ वरून ९२ वर आलं. बाईंचा हात सिरिंजवर गेला, पण नजर दाबाच्या आकड्यावर होती. तो हलला नव्हता, कार्बन डायऑक्साइडची रेघही फारशी बदलली नव्हती. "सर, लिव्हर जरा सोडा." यकृत उचलताना मागची मोठी शीर दबली होती. हात सैल झाला आणि आकडा चढला. मग शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखा पांढरा पडदा अलगद ट्रेमध्ये आला.

सिरिंज वापरावी लागली नाही. खरी रिॲक्शन येते तेव्हा अजूनही कित्येकांचा हात आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनकडे जातो. माझ्या मते ही सवय औषधाच्या टेस्ट डोसवरच्या भाबड्या विश्वासाइतकीच घातक आहे. दोन्ही औषधं मागाहून चालतात. आधी ॲड्रेनॅलिन आणि भरपूर सलाईन.

रिॲक्शनमधून वाचलेल्याचं काम पुढंही उरतं. ट्रिप्टेज या तपासणीसाठी लगेच आणि काही तासांत रक्त घ्यायचं, चारसहा आठवड्यांनी त्वचेची तपासणी करायची. खेड्यातल्या माणसाला यातलं बहुधा काहीच मिळत नाही. बाईंकडं येणाऱ्या जुन्या डिस्चार्ज कार्डांवर कधी एवढंच असतं: 'इंजेक्शनची रिॲक्शन.' कोणतं इंजेक्शन, ते नाही. अशा वेळी त्या नातेवाइकांना परत पाठवतात: त्या दवाखान्यातून भुलीचा कागद आणा, झेरॉक्स चालेल, पण औषधांची नावं वाचता आली पाहिजेत.