जुन्या सायकलचे सुटे भाग शोधताना नाव नव्हे, माप विचारा

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. पेठांतील वाड्यांच्या जिन्याखाली आणि जुन्या बंगल्यांच्या मागच्या पडवीत काळ्या रंगाच्या, रॉड ब्रेकच्या इंग्लिश सायकली अजूनही धूळ खात उभ्या असलेल्या आढळतात. आजोबांची ती रॅले, हर्क्युलिस किंवा हंबर पुन्हा चालती करावी, अशी इच्छा अलीकडे अनेकांना होऊ लागली आहे. मात्र पहिल्याच दुकानात ‘याचे सामान आता मिळत नाही’ हे उत्तर ऐकून बहुतेक जण माघारी फिरतात. हे उत्तर अर्धेच खरे आहे. अशा सायकलचे बहुतांश सामान आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. काही मोजके भाग मात्र खरोखरच दुर्मीळ आहेत. कोणता भाग कोणत्या गटात मोडतो, हे ठाऊक नसल्याने खरी अडचण होते आणि त्या अज्ञानातून सायकलचे कायमचे नुकसानही होऊ शकते.

सामान मिळते, याचे कारण आपल्या औद्योगिक इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश धाटणीची दणकट सायकल भारतातच तयार होऊ लागली. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस आणि लुधियानात १९५६ मध्ये हिरो असे कारखाने उभे राहिले. इंग्लंडमध्ये पुढे सायकलची घडण पूर्णपणे बदलली. खुद्द रॅलेने नॉटिंगहॅममधील उत्पादन २००२ मध्ये थांबवले. भारतात मात्र दूधवाले, टपालवाले आणि शेतमजूर यांच्यासाठी तीच जुनी घडण दशकानुदशके जशीच्या तशी सुरू राहिली. त्यामुळे रॉड ब्रेकच्या सायकलचे टायर आणि रिमा यांसाठी आज इंग्लंडमधील हौशी मंडळीही भारतीय मालाकडे वळतात, असा उलटा न्याय पाहायला मिळतो. अर्थात हा ओघ आता पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. अ‍ॅटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी, नेमके जागतिक सायकल दिनीच, थांबले.

सहज मिळणाऱ्या भागांत टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, तारा आणि छर्रे यांचा समावेश होतो. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा ही ब्रिटिश पद्धत भारतीय सायकलींनीही उचलली, त्यामुळे गंजलेल्या हबभोवती नवी रिम गुंफणे कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला जमते. रिम घेताना एकच पथ्य पाळावे. रॉड ब्रेकचे रबर रिमच्या कडेला न घासता आतल्या बाजूला, म्हणजे आसाकडील पृष्ठभागावर दाबले जातात. त्यासाठी दोन्ही कडांना गोलाई असलेली, वेस्टवुड नावाने ओळखली जाणारी रिमच हवी. दुसरी चकचकीत रिम बसवल्यास चाक फिरेल, पण ब्रेक लागणार नाही.

टायरच्या बाबतीत ‘अठ्ठावीसचा द्या’ एवढे सांगणे पुरेसे नसते. जुन्या इंची पद्धतीत एकाच नावाखाली निरनिराळ्या व्यासांचे टायर विकले गेले. २८ × १½ या टायरचा रिमवर बसणारा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, तर त्याच ‘अठ्ठावीस’ कुळातील दुसरा एक टायर ६२२ मिलिमीटरचा असतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. म्हणून टायरच्या बाजूवर कोरलेला ६३५ हा आकडा पाहूनच पैसे द्यावेत. लहान चणीच्या २६ × १⅜ सायकलींसाठी हा आकडा ५९० आहे.

आता दुर्मीळ भागांकडे वळू. येथे सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे आटे. पेडलच्या क्रँकमधून जाणारा आस फ्रेमच्या तळाशी असलेल्या नळकांड्यात दोन वाट्यांच्या आधारे फिरतो. या वाट्या आट्यांनी बसवलेल्या असतात. बहुतेक ब्रिटिश सायकलींत या जागी एका इंचात २४ आटे असत. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र स्वतःचे वेगळे माप ठेवले आणि ते इंचाला २६ आट्यांचे होते. दोन्ही वाट्यांचा व्यास इतका जवळचा आहे की, हातात घेऊन फरक कळत नाही. २४ आट्यांची वाटी रॅलेच्या फ्रेममध्ये दोन-तीन फेरे सुखाने जाते आणि मग अडते. गंजामुळे अडली असेल, असे समजून पाना लावून जोर केला की फ्रेममधील मूळ आटे सोलून निघतात. सत्तर वर्षे टिकलेली फ्रेम अशी पाच मिनिटांत निकामी होते. हँडल ज्यात फिरते त्या वरच्या वाट्यांचेही हेच. तेथेही रॅलेचे आटे २६ आणि इतरांचे साधारणपणे २४, म्हणून दुसऱ्या सायकलचा चिमटा आणून बसवण्याचा बेत बहुधा फसतो.

यावर उपाय साधा आहे. आट्यांचे माप दाखवणारी पट्ट्यांची गेज हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. जुन्या वाटीच्या आट्यांवर ती टेकवली की आकडा लगेच कळतो. याहून चांगले म्हणजे वाट्या बदलूच नयेत. झीज आधी होते ती छर्ऱ्यांची आणि आसाची, वाटी बऱ्याचदा चांगली निघते. तळातील आसासाठी प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे लागतात आणि ते कोठेही मिळतात. रॉकेलने धुऊन, ताजे ग्रीस भरून, नवे छर्रे टाकले की निम्म्याहून अधिक सायकलींचे काम भागते. वाटी काढावीच लागली तर चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, हे ध्यानात ठेवावे. ती सुलट समजून केलेली जबरदस्ती अनेक सायकलींना भोवली आहे.

येथे नावाचा प्रश्न उपस्थित होतो. सायकलच्या डोक्यावरील पितळी बिल्ला पाहून माप ठरवणे धोक्याचे आहे. हंबर १९३२ मध्ये रॅलेच्या ताब्यात गेली, रज १९४३ मध्ये, बीएसएचा सायकल विभाग १९५७ मध्ये. १९६० मध्ये टीआय समूहाचा ब्रिटनमधील सायकल व्यवसाय रॅलेत विलीन झाल्याने हर्क्युलिस आणि फिलिप्स ही नावेही त्याच छत्राखाली आली. परिणामी १९५० सालची हर्क्युलिस आणि १९७० सालची हर्क्युलिस ही नावाने एक असली तरी घडणीने भिन्न असू शकते. त्यात भारतात तयार झालेल्या त्याच नावाच्या सायकलींची भर. चेनचक्राची नक्षी ओळख पटवायला उपयोगी पडते. रॅलेवर बगळ्याची मान, रजवर पंजा, बीएसएवर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका. पण चक्रही मागाहून बदललेले असू शकते. शेवटी पुरावा मापाचाच.

क्रँक आसाला घट्ट धरून ठेवणारी कॉटरपिन हा दिसायला क्षुल्लक, पण डोकेदुखीचा भाग. रॅलेची पिन साडेनऊ मिलिमीटर जाडीची असते. दुकानातील पिन तशीच ठोकून चालत नाही. तिची तिरकी बाजू कानशीने घासून आसाच्या खाचेशी जुळवावी लागते. दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशांनी घालाव्यात, अन्यथा दोन्ही पेडल एका रेषेत येत नाहीत. पिन ठोकताना क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम टेकू न दिल्यास हातोडीचा प्रत्येक घाव छर्ऱ्यांवर बसतो. घाईच्या दुरुस्तीत हा टेकू हमखास विसरला जातो.

मागच्या हबमध्ये तीन गिअर असलेली सायकल ज्यांच्याकडे आहे, ते भाग्यवान. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या या हबवर बहुधा निर्मितीच्या वर्षाचे अखेरचे दोन अंक कोरलेले असतात. ‘५६’ दिसल्यास हब १९५६ चा. सायकलचे वय ठरवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, अर्थात चाक मूळचे असेल तर. या कंपनीचा ‘एडब्ल्यू’ हा हब काही दशके फारसा न बदलता तयार झाला, त्यामुळे एका निकामी हबचे दातेरी भाग दुसऱ्याला उपयोगी पडतात. २००० मध्ये कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली आणि उत्पादन तेथे हलले. नव्या रचनेचे अंतर्भाग जुन्या हबमध्ये बसतीलच असे नाही. गिअर पडत नाही म्हणून हब खोलण्याची घाई मात्र करू नये. बऱ्याचदा दोष केबलच्या ताणाचा असतो किंवा आत तेल सुकलेले असते. हबवरील छोट्या झाकणातून पातळ मशीन ऑइलचे काही थेंब सोडून दोन दिवस थांबावे.

ब्रूक्सची चामड्याची सीट फाटली असली तरी तिचा लोखंडी सांगाडा आणि स्प्रिंगा फेकू नयेत. कुशल कारागीर त्यावर नवे चामडे चढवू शकतो. रंगाबाबत मात्र या वार्ताहराचे मत प्रचलित हौसेच्या विरोधात आहे. मूळ काळा रंग आणि सोनेरी रेघा पुसट का होईना शिल्लक असतील, तर नव्या रंगाचा मोह टाळावा. नगरपालिकेच्या सायकल कराचा एखादा जुना बिल्ला अडकलेला असेल तर तोही तसाच राहू द्यावा. सुटा भाग पुन्हा मिळू शकतो. खरवडलेला रंग मिळत नाही.

राहिला प्रश्न शोधायचे कोठे. पुण्यात नाना पेठेतील जुनी दुकाने आणि जुना बाजार, मुंबईत चोरबाजार ही ठिकाणे परिचित आहेत. तेथे सुटा भाग मागण्यापेक्षा मोडकी सायकल पूर्ण विकत घेणे अनेकदा स्वस्त आणि शहाणपणाचे ठरते. एका फ्रेमच्या तुटक्या रॅलेतून वाट्या, चिमटा, ब्रेकच्या सळया आणि चेनकव्हर एकदम हाती लागतात. मूळ सायकल कशी दिसत होती, हे पाहायचे असल्यास कर्वेनगरमधील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात तासभर घालवावा. ब्रिटनमध्ये १९५५ पासून कार्यरत असलेल्या व्हेटरन-सायकल क्लबने जुनी सूचिपत्रके जतन केली आहेत आणि त्यांतून वर्षनिहाय तपशील पडताळता येतो.

एवढे करूनही २६ आट्यांची वाटी किंवा तिच्या मापाचा आस मिळालाच नाही, तर लेथवर काम करणारा चांगला टर्नर तो घडवून देऊ शकतो. त्याच्याकडे जाताना नमुना म्हणून जुना भाग लागतो, मग तो कितीही झिजलेला किंवा तडकलेला असो. त्यामुळे सायकल खोलायला बसताना शेजारी एक डबा ठेवावा आणि काम पूर्ण होईपर्यंत त्यातील एकही तुकडा भंगारवाल्याला देऊ नये.