फ्रेंचमधला पूर्वपक्ष

नाशिककराला व्याख्यानाचे कौतुक शिकवावे लागत नाही. दर मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरते आणि वक्ता कुठे घसरला, हे मागच्या रांगेतला श्रोतासुद्धा अचूक सांगतो. पण माझी भाची फ्रेंच शिकू लागली तेव्हा मला कळले की, त्या लोकांनी चार माणसांपुढे बोलण्याचेही व्याकरण करून ठेवले आहे!

तिला फ्रान्समध्ये पुढे शिकायचे होते. फ्रेंचमधून शिकायचे तर तिकडची पुष्कळ विद्यापीठे 'देल्फ'ची 'बे-दो' ही पायरी मागतात. १०० पैकी ५० गुण हवेत. शिवाय चारही भागांत २५ पैकी निदान ५ मिळायलाच हवेत. तोंडी परीक्षेत चिठ्ठीने दोन उतारे निघतात, त्यांतला एक निवडायचा. तयारीला ३० मिनिटे. मग सुमारे २० मिनिटांत आधी आपले मत मांडायचे आणि नंतर परीक्षकांशी वाद करून ते राखायचे.

मांडणीची रीत ठरलेली. प्रथम लक्ष वेधणारे एखादे वाक्य. मग मुख्य प्रश्न. त्याला ते 'प्रॉब्लेमातिक' म्हणतात. लगेच आराखडा सांगायचा. पुढे दोन किंवा तीन भाग, प्रत्येकाला कारण आणि उदाहरण. शेवटी प्रश्नाचे उत्तर. तिथे नवा मुद्दा काढायचा नाही. कागदावर फक्त टिपणे असावीत, वाचून दाखवू नये.

"अगं, हा तर आपला पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त!" मी म्हणालो.

"हो मामा, पण पूर्वपक्ष मनापासून मांडायचा. लुटुपुटीचा नव्हे."

सरावाला घरचाच विषय घेतला: द्राक्षबागा वाढाव्यात, पण पाणी कुठून आणावे? मला फ्रेंच येत नाही. मी 'दाबोर' म्हणजे आधी, 'आंस्युइत' म्हणजे मग आणि 'आंफां' म्हणजे शेवटी, एवढे शब्द बोटांवर मोजी. 'आंफां' दोनदा आले की हात वर करी!

खरी अडचण घरात होती. मेहुण्यांचा तिच्या जाण्याला विरोध होता. एका रात्री जेवणे झाल्यावर ती त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, तुमचं म्हणणं तीन गोष्टींत आहे. खर्च, आईचं दुखणं, आणि मी परत येईन की नाही ही धास्ती."

तिसरी गोष्ट मेहुणे आजवर कधी बोललेच नव्हते. पहिल्या दोहोंना तिच्याजवळ हिशेबासकट उत्तरे होती. तिसरीला तिने नुसता शब्द दिला.

मेहुण्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "माझी बाजू तूच माझ्यापेक्षा चांगली मांडलीस. आता मी काय बोलू?"

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "पुण्याच्या त्या परीक्षेची फी कधीपर्यंत भरायची आहे?"