‘उद्या’ आणि तिचे वाचक

वाचक कोणतेही पुस्तक कोऱ्या मनाने उघडत नाही. लेखकाचे नाव, मुखपृष्ठ, त्या जातीची पूर्वी वाचलेली पुस्तके आणि कोणीतरी केलेली शिफारस यांतून त्याच्या मनात काही अपेक्षा आधीच तयार झालेल्या असतात, आणि पुस्तक त्या अपेक्षांशी कसे वागते यावर त्याची प्रतिक्रिया बऱ्याच अंशी ठरते. जर्मन अभ्यासक हान्स रॉबर्ट यौस यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस या कक्षेला ‘अपेक्षांचे क्षितिज’ म्हटले, आणि साहित्याचा इतिहास लिहायचा तर वाचकांच्या बदलत्या अपेक्षांचाही इतिहास लिहावा लागेल, असे मांडले. रहस्यकथा, ऐतिहासिक कादंबरी, विज्ञानकथा ही साहित्यप्रकारांची नावे म्हणजे अशा ठरलेल्या अपेक्षांचीच नावे होत. म्हणूनच जी कादंबरी एकाच वेळी दोनतीन प्रकारांत वावरते, तिच्याविषयीचे मतभेद आवडीनिवडीपुरते उरत नाहीत. माणूस कादंबरी कशासाठी वाचतो, हाच प्रश्न त्यांतून पुढे येतो. मराठीत हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा करणारी अलीकडची कादंबरी म्हणजे नंदा खरे यांची ‘उद्या’.

अनंत यशवंत तथा नंदा खरे (1946–2022) हे नागपूरचे, व्यवसायाने स्थापत्य अभियंता, आणि वृत्तीने विवेकवादी. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांच्या काळातला एक कल्पित माणूस जणू स्वतःच आपली हकिगत लिहून ठेवतो आहे, अशा रीतीने रचलेली ‘अंताजीची बखर’ ही त्यांची कादंबरी 1997 मध्ये आली, तेव्हाच इतिहास आणि कल्पित यांची सरमिसळ त्यांनी किती निर्धास्तपणे केली होती ते दिसले होते. ‘उद्या’मध्ये त्यांनी नजीकचा भविष्यकाळ घेतला. राज्यसत्ता आणि मोठे भांडवल यांच्यातली सीमा जवळजवळ पुसली गेली आहे, माणसांच्या हालचालींवर यंत्रणांची सतत नजर आहे, आणि मुली जन्मालाच येऊ न दिल्यामुळे स्त्रियांची संख्या घटून समाजाची घडी विस्कटली आहे, असे हे जग अनेक पात्रांच्या कथनांतून उलगडते. त्यात शोधपत्रकारिता आहे, अर्थकारणाची चर्चा आहे, उपरोध आहे, आणि निबंधाला शोभावा असा युक्तिवादही आहे. जिच्यात भविष्यातील समाज आदर्श नसून भयावह असतो अशा लेखनाला समीक्षेत ‘दुःस्वप्नकथा’ म्हणता येईल. ‘उद्या’ त्या जातीची आहे, पण तेवढीच नाही.

ही विज्ञानकथा नव्हेच, अशी एक प्रतिक्रिया तिच्यासारख्या कादंबरीविषयी सहज उमटते, आणि तिच्यामागे मराठी विज्ञानकथेचा विशिष्ट इतिहास आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. या कथांनी एका पिढीला वाचनाची नवी वाट दाखवली, हे ऋण मोठे आहे. मात्र त्याच काळात मराठी विज्ञानकथेकडे एक काम सोपवले गेले, ते विज्ञानप्रसाराचे. एखादी वैज्ञानिक कल्पना घ्यावी, ती निर्दोष असावी, तिच्याभोवती रचलेल्या घटनांतून ती वाचकाला समजावी आणि शेवटी कोडे सुटावे, अशी अपेक्षा रूढ झाली. दुसऱ्या बाजूला नारायण धारप यांच्या लेखनात विज्ञान आणि भय एकमेकांत मिसळत होते आणि त्यांच्या पुस्तकांना मोठा वाचकवर्गही होता. पण समीक्षेने त्या मिश्रणाचा गांभीर्याने विचार फारसा केला नाही. परिणामी ‘उद्या’ हाती घेणारा वाचक त्यात यंत्र, सूत्र आणि उलगडा शोधतो, आणि त्याऐवजी कंत्राटे, ओळखपत्रे आणि लग्ने न होणारे तरुण पाहून बिचकतो.

ही नाराजी समजण्यासारखी असली तरी तिच्यातील समजूत अपुरी आहे. समीक्षक डार्को सुविन यांनी विज्ञानकथेचे मर्म यंत्रांत नव्हे, तर वाचकाचे परिचित जग तर्काच्या आधारे त्याला परके करून दाखवण्यात आहे, असे सांगितले. या कसोटीवर ‘उद्या’ विज्ञानकथा ठरते, कारण तिच्यातील प्रत्येक भयाला वर्तमानात पुरावा आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 2001 च्या जनगणनेत 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894 राहिल्या. आधार क्रमांकांच्या वाटपाची सुरुवातही याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, 29 सप्टेंबर 2010 रोजी झाली. लेखकाने या रेषा फक्त पुढे वाढवल्या.

माहिती फार आहे, कथानक तुटक आहे आणि दिलासा कुठेच नाही, या तक्रारीही अशा कादंबऱ्यांच्या वाट्याला नेहमी येतात. अमेरिकेत सॅम्युएल डिलेनी यांची ‘डालग्रेन’ ही आठशेहून अधिक पानांची कादंबरी 1975 मध्ये निघाली, तेव्हा फिलिप के. डिक आणि हार्लन एलिसन या विज्ञानकथेतील मातब्बर लेखकांनाच ती असह्य झाली, थिओडोर स्टर्जन यांनी तिचा गौरव केला, आणि सामान्य वाचकांनी तिच्या लक्षावधी प्रती विकत घेतल्या. जाणकारांपेक्षा सामान्य वाचक अवघड पुस्तकाला लवकर सामोरा जाऊ शकतो, कारण प्रकाराच्या नियमांचे ओझे त्याच्यावर कमी असते. तरीही तुटकपणाची तक्रार सरसकट फेटाळणे योग्य नाही. ‘उद्या’मध्ये काही ठिकाणी पात्राच्या तोंडून अभ्यासकच बोलतो आहे असे जाणवते, आणि तेथे वाचक थकला तर तो दोष वाचकाचा नव्हे.

वाचक कोठे राहतो, यावरही प्रतिक्रिया अवलंबून असते, आणि या दृष्टीने अमरावती जिल्ह्यातील मोर्शीचे उदाहरण बोलके आहे. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात. मोर्शी-वरुडचा पट्टा संत्र्यांचा, आणि संत्र्याच्या बागांपायी भूजलाचा उपसा इतका की बोअर किती खोल गेले हा तेथील रोजच्या बोलण्याचा विषय आहे. सिंचनाचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत मागे पडलेल्या सिंचनाची तूट, भरून निघालेली नसताना याच धरणाचे पाणी नांदगावपेठच्या औष्णिक वीजप्रकल्पाला देण्यावरून जिल्ह्यात आंदोलने झाली. धरणात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी मोर्शीच्या तहसील कार्यालयासमोर दीर्घकाळ धरणे धरले, आणि ऑगस्ट 2023 मध्ये त्यांच्यापैकी काहींनी मुंबईत मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. सातबारा, मोबदल्याची फाइल आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला यांत अडकलेल्या माणसाला, यंत्रणेच्या नोंदीत उरलेला माणूस ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. महानगरातील वाचकाला जे भविष्यवर्णन वाटेल, ते येथील वाचकाला वृत्तांतासारखे वाटण्याची शक्यता अधिक. आणि मग कादंबरीचा प्रकारच त्याच्यापुरता बदलतो. विज्ञानकथा वास्तववादी होते.

प्रकारांची सरमिसळ या मातीला नवी नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. मोर्शी तालुक्यातच रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंच्या वास्तव्याने महानुभाव पंथाचे तीर्थस्थान झालेल्या या गावाशी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची जडणघडण निगडित आहे. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे चरित्र आहे, आठवणींचा संग्रह आहे, प्रवासाची नोंद आहे आणि तत्त्वचर्चाही आहे. चक्रधरांना ज्यांनी पाहिले त्यांना विचारून विचारून एकेक लीळा मिळवलेली असल्याने, एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या स्मरणात फरक असेल तर तो मिटवून न टाकता तसाच नोंदवण्याची शिस्त या परंपरेत आढळते. भिन्न साक्षींना शेजारी शेजारी जागा देणारा मजकूर महानुभाव पंथातला वाचक सातशे वर्षांपासून वाचत आला आहे, आणि तो एकट्याने नव्हे, तर चर्चेसह, विवरणासह वाचत आला आहे. ‘उद्या’सारख्या बहुमुखी कादंबरीला हवे असते ते नेमके असे सामूहिक वाचन, जे तालुक्याच्या वाचनालयातील देवघेवीच्या टेबलावर पंधरा दिवसांच्या मुदतीत क्वचितच घडते.

‘उद्या’ला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. समाजाने आपल्याला पुरेसे दिले आहे, या भूमिकेतून खरे यांनी काही वर्षांपूर्वीच पुरस्कार न स्वीकारण्याचे ठरवले होते, आणि त्यांनी हाही नाकारला. त्यांच्या नकाराची भरपूर चर्चा झाली; कादंबरी वाचून कोणाला काय वाटले, याची तेवढी झाली नाही. मराठीत समीक्षकांचे लेख ग्रंथबद्ध होतात, पण सामान्य वाचकांनी लेखकांना पाठवलेली पोस्टकार्डे, दिवाळी अंकांकडे आलेली पत्रे आणि वाचनालयांतील चर्चांचे इतिवृत्त यांचे जतन फारसे होत नाही, आणि त्यामुळे यौस यांना अभिप्रेत असलेला वाचकांचा इतिहास लिहिण्याची साधनेच हातची जातात. रिद्धपूरला अलीकडे सुरू झालेल्या मराठी भाषा विद्यापीठाला हे काम अंगणातच उपलब्ध आहे. ‘उद्या’ पुरी केलेल्या आणि अर्ध्यावर ठेवलेल्या वऱ्हाडी वाचकांना, त्यांचे व्यवसाय आणि गावे यांसह, ती कोठे पटली, कोठे अडली आणि कोठे आपलीच वाटली हे विचारून त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नसली तरी जशीच्या तशी लिहून ठेवता येतील.